महजरातला तांबडा डाग

१

वेंकोजीरावांचा जीव हणमंतानं घेतला, असं सरकारी कागदावर शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं, आणि तो कागद हणमंताच्या मुलीनं माझ्या टेबलावर आपटला.

"वाचा," ती म्हणाली. "आणि काय ते एकदाच सांगा. गोल गोल बोलू नका."

मी कृष्णवेणी. अपघाताचे खटले चालवते. देवराज मोहल्ल्यात एका सोनाराच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. बाकीचे वकील नाही म्हणाले की लोक माझा जिना चढतात, कारण माझी जीभ तिखट आहे आणि मी ती आवरायच्या भानगडीत पडत नाही. पोलिस मला बघून तोंड फिरवतात, विमावाले मला बघून घाम पुसतात. पण ही कावेरी माझ्या वरताण निघाली. शाळेत गणित शिकवत होती, आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू गृहपाठ मीच केलेला नाही.

"बस," मी म्हटलं.

"उभी बरी आहे. मला तुमच्याकडे यायचंच नव्हतं. दुसरं कोण घेईना म्हणून आले."

"मग उभ्यानं ऐक."

त्या साली मारुती गाड्या म्हैसूरच्या रस्त्यांवर नुकत्याच दिसू लागल्या होत्या, पण हणमंताकडे होती जुनी फियाट. तो शिंपी. महिन्याभरापूर्वी आयुधपूजेच्या दिवशी सकाळी बन्नूरला सासुरवाडीत गाडीची पूजा केली आणि दुपारी एकटाच परत निघाला. शहराच्या तोंडाशी येसाजीरावाचं गॅरेज आहे. त्या गेटापाशी येसाजीरावाचे वडील वेंकोजीराव जखमी झाले. हणमंतानं स्वतः त्यांना उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. म्हातारबुवा वाटेतच गेले. मागोमाग येसाजीराव पोचला आणि तिथल्या पोलिसाला त्यानं सांगितलं, याच गाडीनं माझ्या बापाला उडवलं.

"हा एक कागद आहे असं समजू नकोस," मी म्हटलं. "यात पाच जण बोलतायत. पहिली फिर्याद. इथं येसाजीराव बोलतोय, पोलिसांनी नुसतं उतरवून घेतलंय. पोलिसांनी लिहिलं म्हणजे पोलिसांनी पाहिलं, असं सगळे धरून चालतात आणि तिथंच फसतात. मग हा महजर, म्हणजे जागेचा पंचनामा. मग जागेचा नकाशा. मग मोटार इन्स्पेक्टर गाडीबद्दल बोलतोय, आणि शेवटी डॉक्टर मढ्याबद्दल. प्रत्येक पानाला एकच विचारायचं: बाबा रे, हे तू डोळ्यानं बघितलंस, की तुला कुणी सांगितलं?"

कावेरी खुर्चीच्या कडेवर टेकली. मी तिला एकेक पान कन्नडातून वाचून दाखवलं.

महजरात होतं: गॅरेजच्या गेटासमोर डांबरी रस्त्याच्या मधोमध तांबडे रक्ताचे डाग. त्यात रक्तानं माखलेली नाणी, मृताच्या खिशातून पडलेली. जागा फिर्यादीनं दाखवली. नकाशात त्याच जागी फुली होती. मोटार इन्स्पेक्टर म्हणत होता: पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, मध्ये झेंडूचा हार, बंपरवर तांबडे डाग, यांत्रिक दोष नाही. डॉक्टर म्हणत होते: कानामागं डोक्याला खोल जखम, हातपाय शाबूत.

"म्हणजे ते आजोबा रस्त्याच्या मधे आले आणि अप्पांनी त्यांना समोरून ठोकलं," कावेरी म्हणाली. "असंच ना?"

"असं लिहिलंय. तुझे अप्पा काय म्हणतात?"

तिनं कागदाची कड दुमडली. खालच्या दुकानातली ठाकठूक वर ऐकू येत होती.

"सोमवारी तारीख आहे. अप्पा गुन्हा कबूल करणार आहेत. जेलात जातो म्हणतात. मी इथं आले हेसुद्धा त्यांना माहीत नाही."

२

हणमंताचं दुकान माझ्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. पाटीवर कुणीतरी डांबर फासलं होतं. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं, आणि न शिवलेलं कापड लोक परत घेऊन गेले होते, हे रिकाम्या फळ्यांवरून दिसत होतं. हणमंत मशीनपुढं बसला होता, पण पाय पायट्यावर नव्हता.

"लॉयरम्मा, तुम्हाला कोण बोलावलं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तुमच्या मुलीनं."

"तिला काय कळत नाही. मी ठोकलो, मी सोसतो. अष्टे, एवढंच. आणि काय बोलायचं नाही."

"किती वेगात होतात?"

"लिहिलंय तसं."

"ब्रेक मारलात?"

"लिहिलंय तसं म्हणलो की!"

"कागदात ब्रेकचं काहीच लिहिलेलं नाही, हणमंतराव. बरं, गाडीची कुठली बाजू लागली त्यांना?"

तो जरासा थांबला. "उजवी."

फिर्यादीत येसाजीरावानं डावी सांगितली होती. मी गप्प बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या गप्प बसण्याला भलेभले घाबरतात. हणमंत मात्र उठला, कात्री आपटली आणि माझ्यावर ओरडला.

"जावा तुम्ही! माझं मी बघून घेतो. तुम्ही कोर्टात जाऊन सगळं उकरणार, ह्याला विचारणार, त्याला विचारणार. मला नको ते. कुणाला काय विचारायचं नाही!"

इतक्या वर्षांत मी खोटं बोलणारे गुन्हेगार ढिगानं पाहिले. सगळ्यांचा खोटेपणा एकाच दिशेला जातो, सुटकेच्या. हा गृहस्थ उलट्या वाटेनं पळत होता, आणि त्याचा मला भयंकर राग आला. घरात मुलगी आहे, दुकानाला डांबर फासलंय, आणि हा बाबा जेलात जायची घाई करतोय.

पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात समोरून एक वयस्क बाई आली. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, ताठ मान. तिनं मला बाजूला सारलं आणि दुकानाच्या दारात उभी राहून भर रस्त्यात ओरडली.

"हणमंता! माझं कुंकू पुसलास! तुझ्या हाताला सुई धरवायची नाही, बघ!"

ही वेंकोजीरावांची बायको, विशालाक्षी. शेजारचे दुकानदार बाहेर आले आणि बघत राहिले, कुणीही तिला थांबवलं नाही. हणमंतानं हात जोडले. ती गेल्यावर तो पुन्हा मशीनपुढं बसला, आणि मी पाहिलं की तो रडत होता.

ज्यानं ठोकलं त्याला कुठल्या बाजूनं ठोकलं हे ठाऊक नव्हतं. मग त्याला नेमकं काय ठाऊक होतं?

३

सब-इन्स्पेक्टर हयग्रीव घरी मराठी बोलतो, पण माझ्याशी मुद्दाम कन्नडात सुरू करतो. मधे एक टेबल जास्त घातल्यासारखं त्याला वाटत असावं.

"एनु मॅडम, काय परत? ती केस संपली. पार्टी कबूल करतीय."

"पार्टी काय कबूल करतीय ते पार्टीला माहीत नाही. मला फक्त दोन गोष्टी सांग. महजर कधी केलास?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. दसऱ्याचा बंदोबस्त होता, मॅडम. सगळी फोर्स मिरवणुकीच्या रस्त्यावर. मी काय दहा ठिकाणी जाऊ?"

"आणि डाग तांबडे होते? दुसऱ्या दिवशीसुद्धा?"

"तांबडे म्हणून लिहिलंय म्हणजे तांबडेच होते. माझ्या डोळ्यावर संशय आहे का तुम्हाला?"

"डोळ्यावर नाही. डाग तपासायला पाठवलेस?"

त्याचा चेहरा उतरला. "कशाला? समोर मुलगा उभा आहे, म्हणतोय इथं माझा बाप पडला. त्याच्या बापाच्या रक्ताला मी सर्टिफिकेट मागू? तुम्हाला मन नाही, मॅडम. लोक बरोबर बोलतात तुमच्याबद्दल."

"लोकांना बोलू दे. गाडी कुठंय?"

गाडी ठाण्याच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली उभी होती. हयग्रीव माझ्या मागं मागं आला, किल्ल्या खुळखुळवत, मी काही चोरून नेईन अशा थाटात. मी गाडीपुढं उकिडवी बसले. केळीचे खुंट वाळून करडे झाले होते, पण दोन्ही उभे होते, सुतळीच्या गाठीसकट. झेंडूचा हार सुकून चुरगळला होता, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओवलेला. दिव्यांची काच धड. बंपरवर तांबडी बोटं उठली होती, पाच पाच ठिपके, ओळीनं.

"हयग्रीवा, इकडं ये. तुझ्या घरच्या गाडीला पूजेच्या दिवशी हे बांधतात की नाही?"

"बांधतात की. सगळेच बांधतात."

"केळीचा खुंट किती नाजूक असतो? गाय अंग घासून गेली तरी मोडतो ना? मग या गाडीनं एक पुरुषभर उंचीचा माणूस समोरून उडवला, आणि खुंट मोडला नाही, हार तुटला नाही?"

त्यानं वाकून हार चाचपला. मग त्याला राग आला, आणि तो खरा राग होता, आपली चूक दिसल्यावर माणसाला येतो तसला.

"मग कोण मारलं म्हातारबुवाला? आकाशातून पडले? जाताना कुणाचं तरी नाव घेऊन जावा, मॅडम, नुसतं माझं तोंड काळं करून जाऊ नका!"

४

येसाजीरावाचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मोठं अंगण. अंगणाला रस्त्याच्या बाजूनं लोखंडी गेट. तो चाळिशीतला, देखणा, दाढी वाढवलेला. मी कोण ते कळताच त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही.

"खुन्याचा वकील माझ्या दारात? बाहेर व्हा."

"गेटाबाहेर उभी राहून विचारते. त्या दिवशी कामगार कुठं होते?"

"पूजा झाली, जेवायला घरी गेले. मी एकटा होतो. अप्पाजी रस्ता ओलांडत होते, ती फियाट भन्नाट आली. सगळं पोलिसांना सांगितलोय."

"वडिलांशी तुमचं बरं होतं?"

पाना हातात घट्ट झाला. "कोण काय सांगितलं तुम्हाला?"

"कुणी काहीच नाही. मी विचारते."

"ही जागा विकायची म्हणत होतो मी. अप्पाजी नको म्हणत होते. घराघरात असतं ते. सकाळी कामगारांसमोर थोडं बोलाचाली झाली. म्हणून काय झालं? त्याचा आणि त्या फियाटचा काय संबंध?"

"काही नाही. पूजा मोठी झाली का यंदा?"

"झाली नेहमीसारखी."

"कोहळा फोडलात?"

साधा प्रश्न होता. आयुधपूजेला म्हैसुरात सायकलच्या दुकानापुढंसुद्धा बूदगुंबळ फुटतं. कोहळ्याला वर भोक पाडायचं, आत कुंकू भरायचं, नाणी टाकायची, गाडीवरून दृष्ट काढायची आणि रस्त्यावर आपटायचा. गॅरेजवाल्यानं तर फोडायलाच हवा. येसाजीराव माझ्याकडे बघत राहिला, आणि उत्तराला जेवढा वेळ लागायला नको होता तेवढा लागला.

"नाही. यंदा राहून गेलं."

मी मान हलवली. अंगणाच्या कोपऱ्यात एक मालवाहू टेम्पो उभा होता, तोंड भिंतीकडे, पाठ गेटाकडे. दारावर, चाकांच्या वाट्यांवर, बाजूच्या फळ्यांवर विभूतीचे पट्टे आणि कुंकवाचे ठिपके अजून पुसट दिसत होते. मागची फळी मात्र कोरी होती. पूजा करणारा माणूस गाडीला चारी अंगांनी ठिपके लावतो, मागची बाजू सोडत नाही.

"तुमचे वडील उंचीला केवढे होते हो?" मी विचारलं.

"बाहेर व्हा म्हणलो ना!" तो ओरडला, आणि गेट माझ्या तोंडावर आदळलं.

५

मला जवळजवळ सगळं कळलं होतं, आणि त्यातलं काहीही मी कोर्टात सिद्ध करू शकत नव्हते. येसाजीराव म्हणणार कोहळा फोडलाच नाही. कामगार मालकाच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. शेजारी दुकानं नाहीत. मी ऑफिसात चरफडत बसले होते, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि विशालाक्षी दारात उभी राहिली. मी गॅरेजवर गेले होते हे तिला कळलं होतं.

"तू बाईमाणूस आहेस ना?" ती म्हणाली. "मग तुला लाज कशी नाही? माझ्या लेकाच्या दारात जाऊन बापाशी भांडलास का विचारतेस?"

"बसा, अम्मा."

"बसत नाही. तुझ्या खुर्चीवर बसले तर मला आंघोळ करावी लागेल."

मी तिला बोलू दिलं. तिनं मला, माझ्या धंद्याला, हणमंताला, त्याच्या मुलीला, त्याच्या मशीनला शिव्या घातल्या. मला एकीचाही राग आला नाही. मग तिचा आवाज बसला आणि ती दाराच्या चौकटीला टेकली.

"काय कमी केलो आम्ही देवाचं? सांग की. इतकी वर्षं पूजा चुकवली नाही. यंदा तर मंडी मोहल्ल्यातून मी स्वतः निवडून आणले, एवढा मोठा बूदगुंबळ, येसाजीला दोन हातांत मावेना. माझ्या हातानं कुंकू भरले. नाणी टाकले. तरी कुणाची दृष्ट लागली आमच्या घराला?"

एवढी पक्की साक्ष मला उभ्या धंद्यात मिळाली नव्हती, आणि ती देणारी बाई आपण काय दिलं हे जाणत नव्हती. तिला तिथंच थांबवावं, परत घरी पाठवावं, असं मला खरोखर वाटलं. मग मला डांबर फासलेली पाटी आठवली.

"अम्मा, कोहळा फोडला कुठं?"

"कुठं म्हणजे? गेटापुढं. रस्त्याच्या मधोमध, दरसाल फोडतो तिथं. मी फोडलेला बघितले आणि घरी स्वयंपाकाला गेले." ती थांबली. "का विचारतेस?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती बाई मूर्ख नव्हती.

"काय झालंय?" ती म्हणाली. "काय लपवतीस तू?"

६

रविवारी दुपारी मी सगळ्यांना गॅरेजच्या अंगणात बोलावलं. हयग्रीव साध्या कपड्यात आला, फुरंगटून. कावेरीनं बापाला हाताला धरून आणलं होतं. विशालाक्षी पडवीत खाटेवर बसली होती. येसाजीराव म्हणाला, तुमचं ऐकायची मला गरज नाही. त्याची आई म्हणाली, मला आहे.

"लॉयरम्मा, नको," हणमंत म्हणाला. "हात जोडतो. उद्या मी कबूल करतो, संपून जाईल."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "महिनाभर बसलात तसे."

मग मी रिपोर्टची पानं उलटली.

"फिर्याद सोडली तर यात एकानंही खोटं पान लिहिलेलं नाही. हयग्रीवानं जे दिसलं ते लिहिलं, फक्त ते काय आहे हे दुसऱ्याला विचारलं. डांबरावरचं रक्त उन्हात तासाभरात काळपट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडं राहतं ते कुंकू. त्यात सापडलेली नाणी मेलेल्याच्या खिशातली नाहीत, कोहळ्यातली आहेत. हयग्रीवा, त्या जागी कोहळ्याच्या फोडी दिसल्या असत्या तर तू ओळखलं असतंस. पण फोडी तिथं नव्हत्या. आता मला सांग, दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्याला म्हैसुरात कोण हात लावतं?"

"कुणी नाही," हयग्रीव हळूच म्हणाला. "ओलांडतसुद्धा नाहीत. वळसा घालून जातात."

"आणि तरी कुणीतरी फोडी वेचल्या आणि कुंकू राहू दिलं. म्हणजे त्याला तिथं रक्त दिसायला हवं होतं. खरं रक्त दुसरीकडं सांडलं होतं आणि ते धुतलं गेलं. आता गाडी. केळीचे खुंट उभे, हार अखंड, बंपरवर पूजेची बोटं. त्या गाडीनं माणूस सोडा, शेळीसुद्धा उडवलेली नाही. आणि डॉक्टर. मोटारीनं चालत्या माणसाला ठोकलं तर आधी पाय मोडतात. इथं पाय शाबूत आणि जखम कानामागं. तेवढ्या उंचीला काय लागतं? त्या टेम्पोच्या मागच्या फळीची कड."

सगळ्यांनी टेम्पोकडे पाहिलं. विशालाक्षीनं पाहिलं नाही. ती लेकाकडे बघत होती.

"पूजेनंतर वेंकोजीराव रागानं गेटाकडे निघाले होते, पाठ अंगणाकडे. टेम्पो मागं येत होता. चालवणाऱ्याला ते दिसले नाहीत. मग ती फळी घासून धुतली गेली, आणि ठिपके पुन्हा लावायचं भान राहिलं नाही. इथं त्या वेळी एकच माणूस होता. आणि तोच म्हणतो, कोहळा यंदा फोडलाच नाही."

"खोटं!" येसाजीराव ओरडला. "सगळं बनवून आणलीय ही बाई! कोण बघितलं? एक माणूस दाखवा, बघितलेला!"

"कोहळा फोडला नाही म्हणालास?" विशालाक्षीनं विचारलं.

"अम्मा, तू मधे नको."

ती खाटेवरून उठली. लेकाला ओलांडून ती हणमंतापुढं जाऊन उभी राहिली. त्यानं मान खाली घातली.

"तुमच्या गाडीत गेले ते," ती म्हणाली. "वाटेत काही बोलले का?"

"नाही, अम्मा."

"माझ्याकडे बघून सांगा."

"मी हो म्हणलोय त्यांना," हणमंत म्हणाला. "मरणाऱ्या माणसाला हो म्हणलोय. मला विचारू नका."

"आणि मी?" कावेरी एकदम ओरडली. "मला काय म्हणलात, अप्पा? पोरं मला वर्गात खुन्याची मुलगी म्हणतात! माझा विचार केलात?"

हणमंतानं तोंड हातांनी झाकलं. विशालाक्षीनं त्याचे हात धरून खाली घेतले.

"मी त्यांची बायको आहे. त्यांचं शेवटचं बोलणं माझं आहे, तुमचं नाही. माझं मला द्या."

मग हणमंत बोलला, अगदी बारीक आवाजात.

"गेटाच्या आत पडलेले बघून मी गाडी थांबवलो, उचललो. वाटेत म्हणले, पोराला मी दिसलो नाही. त्याची चूक नाही. सकाळी भांडलो, लोक मुद्दाम केला म्हणतील. कुणाला सांगू नका. माझा हात धरले. मी हो म्हणलो. मग हॉस्पिटलात गेलो, तर हे माझ्याकडे बोट दाखवून पोलिसाला सांगत होते. मी काय करू? हो म्हणून पुरता तास झाला नव्हता."

येसाजीराव टेम्पोच्या चाकाशी खाली बसला. 

"भ्यालो मी," तो म्हणाला. "मुद्दाम मारला म्हणले असते सगळे. सगळ्यांसमोर अप्पाजींना नको ते बोललो होतो. हा माणूस समोर आला, अम्मा. मी भ्यालो."

"मारलास ते चुकून," विशालाक्षी म्हणाली. तिच्या आवाजात पाणी नव्हतं. "त्यासाठी मी तुला पोटाशी धरले असते. पण मरताना ते परक्या माणसाला तुझं नाव घेऊ नको म्हणले, आणि तू परक्या माणसाचं नाव पोलिसाला सांगितलास. महिनाभर मी त्याच्या दारात जाऊन शिव्या दिले आणि तू घरात बसून ऐकलास."

"अम्मा..."

"मला हाक मारू नको आत्ता."

हणमंत माझ्याकडे वळला. उपकाराचं एक अक्षर त्याच्या तोंडावर नव्हतं.

"झालं तुमच्या मनासारखं?" तो म्हणाला. "माझा शब्द मोडलात." आणि तो गेटाबाहेर चालू लागला. कावेरी त्याच्या मागं धावली, जाता जाता तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाईट वाटलं, हे कबूल करते. पण तो जेलात जाणार नव्हता, आणि तेवढ्यासाठीच मी जिना उतरले होते.

हयग्रीवानं खिशातून पेन काढलं आणि ते हातात तसंच धरून उभा राहिला. येसाजीराव जमिनीकडे बघत होता.

"अम्मा, तुम्ही साक्ष द्यायलाच हवी असं नाही," हयग्रीव मराठीत म्हणाला. "मुलगा आहे तुमचा. मी दुसरं काहीतरी बघतो."

विशालाक्षी परत खाटेवर जाऊन बसली. पदर सारखा केला.

"काही बघू नको," ती म्हणाली. "कागद काढ. मी सांगते तसं लिही, आणि लिहून झालं की मला वाचून दाखव."